बसलं काय बॉनेट?

आमच्या फ्रिजवर रंकाळ्याचं चित्र असलेलं एक चुंबक आहे. दोन वर्षांपूर्वी कोल्हापुराहून निघताना आईनं पिशवीत टाकलेलं. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ते काढलं, पातळ फडक्यात गुंडाळलं आणि गाडीच्या पत्र्यावरून हळूहळू फिरवत गेले. दिव्यापासून सुरुवात केली, चाकाच्या कमानीवरून मागे, दाराच्या दिशेनं. पत्रा चुंबक धरून ठेवत होता. डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या जरा अलीकडे आले आणि ते हातातून निसटून फरशीवर पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. दोन तळहात मावतील एवढ्या जागेत लोखंडच नव्हतं. वरून रंग मात्र गुळगुळीत, चकचकीत.

गाडी म्हणजे १९७२ ची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क फोर, म्हणजे चौथी पिढी. दोन माणसांची, कापडी छताची, १२९६ सीसी इंजिनाची. रंग केशरीकडे झुकणारा पिवळा. कंपनीनं त्याला नावच 'सॅफ्रन' दिलं होतं. मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहते आणि ही गाडीही इथलीच, शहराच्या कॅनली भागातल्या कारखान्यात बांधलेली. १९६२ पासून ऑगस्ट १९८० पर्यंत सगळ्या पिढ्या मिळून सुमारे ३ लाख १४ हजार स्पिटफायर बनल्या. शेवटची, तीही पिवळीच, विकली गेली नाही. ती गेडनच्या संग्रहालयात आहे. कॅनलीचा तो कारखाना आता उरलेला नाही.

पण मी ही गाडी घेतली ती बॉनेटमुळे. आमच्या लहानपणी वडिलांकडे, आण्णांकडे, स्टँडर्ड हेरल्ड होती. इंग्लंडमधली ट्रायम्फ हेरल्ड १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड या नावानं बनू लागली, त्यातलीच एक, कितव्या हाताची कोण जाणे. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात ॲम्बॅसिडर दोन-तीन दमांत वळायची, हेरल्ड एका दमात वळायची. तिला वळायला जेमतेम २५ फुटांचं वर्तुळ पुरायचं. आणि तिचं बॉनेट इतर गाड्यांसारखं नाकाकडून उघडायचं नाही. दोन्ही कडांचे खटके सोडले की मडगार्ड आणि दिव्यांसकट गाडीचं सगळं नाक पुढच्या बाजूला आडवं व्हायचं. इंजिन चारी बाजूंनी उघडं. आण्णा पुढच्या चाकावर बसून प्लग साफ करायचे आणि समोरच्या चाकावर मी. मला तेव्हा वाटायचं, सगळ्याच गाड्या अशा उघडतात.

स्पिटफायर ही त्या हेरल्डचीच बहीण. चासी हेरल्डचीच, आखूड केलेली, रेखाटन त्याच इटालियन मिकेलोत्तींचं, आणि बॉनेट तसंच, पुढे झुकणारं. हेरल्डची बॉडी अशी तुकड्यातुकड्यांत जोडलेली का, तर १९५३ मध्ये फिशर अँड लडलो ही बॉडी बनवणारी कंपनी बीएमसी या प्रतिस्पर्धी मोटार कंपनीनं विकत घेतली आणि ट्रायम्फला अख्खी बॉडी एकसंध दाबून देणारं कुणी राहिलं नाही. मग वेगळी चासी आणि तिच्यावर बोल्टनं आवळलेले भाग. कारखान्याची अडचण होती, पण पन्नास वर्षांनंतर घरच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माणसाला त्याचा फार मोठा फायदा होतो. अर्ध्या इंचाचा पाना घ्या आणि गाडीचं तोंड उचलून बाजूला ठेवा.

चुंबक पडलं त्या जागी मी छिन्नी लावली. रंगाचा पापुद्रा, त्याखाली लांबीचा, म्हणजे खळगे भरायच्या पुटीचा, थर. लांबी म्हणजे किती असावी? चांगला डेंटर पत्रा ठोकून सपाट करतो आणि वरून मिलिमीटर-दीड मिलिमीटर लांबी ओढतो. इथं बोटाच्या पेराएवढी जाड ढेप निघाली. तिच्या मागे ॲल्युमिनियमची जाळी, जाळीच्या मागे चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद. कागद ओला होता. कुठल्या तरी वर्कशॉपनं कधीतरी हे करून, वर रंग मारून, पैसे घेऊन गाडी परत दिली होती. मला त्याचा खरंच राग आला. कागद पाणी धरून ठेवतो, म्हणजे ज्या गंजाला झाकलं त्यालाच रोज पाणी पाजायची सोय केली. त्यापेक्षा तिथं उघडं भोक ठेवून दिलं असतं तरी पत्रा जास्त टिकला असता.

हा कोपरा आधी का सडतो हे आतून पाहिल्यावर कळतं. बाहेरच्या मडगार्डच्या पत्र्याला आतून कमानीचा दुसरा पत्रा जोडलेला असतो. चाक जो चिखल उडवतं तो या दोन पत्र्यांच्या सांध्यात जाऊन बसतो. इथं हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ जमू नये म्हणून मीठ टाकतात. ते मिठाचं पाणी त्या चिखलात मुरतं. चिखल सुकत नाही, खाली वाट नाही. त्यातून डावी बाजू म्हणजे इथं फुटपाथच्या कडेची, गटाराजवळची. उजवा कोपरा माझ्या गाडीत बराच शाबूत होता.

शेजारच्या घरात एक आजोबा राहतात. हयात मोटारीच्या कारखान्यात पत्र्याच्या कामात गेलेली. त्यांना मी नावानंच हाक मारते, इथली रीत तशी. पण कोल्हापूरला फोनवर बोलताना ते 'शेजारचे आजोबा' असतात. ते आले, गुडघ्यावर बसले, छिन्नीनं मोकळ्या केलेल्या जागेत दोन बोटं घालून आत चाचपलं. मी विचारलं, अख्खं बॉनेट नवीन घेऊ का? ते म्हणाले, "वरचा पत्रा बघ. ही कारखान्यातली घडण आहे. कोपरा गेला म्हणून कुणी अख्खं घर पाडतं का?" मार्क फोरच्या आधीच्या स्पिटफायरना मडगार्डच्या वरच्या कडेवर सांध्याची उठलेली रेघ दिसते, १९७० मध्ये मार्क फोर आली तेव्हा ती रेघ गेली आणि वरून एकच सलग उतार आला. तो उतार माझ्या गाडीवर कुठेही पोचा न येता तसाच्या तसा होता. तो टाकून द्यायचा माझाही जीव झाला नसता. दुरुस्तीसाठी फक्त कोपऱ्याचे तयार तुकडे मिळतात, तो एक मागवला.

काढायच्या आधी मापं घ्यायची, हे मात्र मला कुणी सांगावं लागलं नाही. नोकरीत माझं काम मोजमापांचंच आहे. बॉनेट आणि दार यांच्यामधल्या फटीवर चिकटपट्टी लावली आणि दर चार इंचांवर फट मोजून पेनानं लिहीत गेले. वर साडेचार मिलिमीटर, मध्ये पाच, खाली सात. गाडी चाकांवर उभी होती, स्टँडवर नाही. हे महत्त्वाचं. स्पिटफायरमध्ये बॉडीचा बराच जोर दाराखालच्या पेटीसारख्या सिलवर असतो. गाडी भलत्या ठिकाणी उचलली की बॉडी किंचित वाकते आणि दाराच्या फटी बदलतात. उचललेल्या गाडीवर बसवलेला पत्रा गाडी खाली आल्यावर दाराला घासू शकतो. सिल सडलेले असतील तर बॉनेटला हात लावण्यात अर्थच नाही, आधी ते. माझे आधीच्या मालकानं नीट करून घेतलेले होते, ठोकून पाहिले, ठणठणीत वाजले.

बॅटरीची वायर सोडली. दिव्यांच्या वायरींचे जोड सुटे केले, प्रत्येकाचा फोटो. आजोबा एका बाजूला, मी एका बाजूला, पुढच्या बिजागऱ्यांचे बोल्ट काढले आणि बॉनेट उचलून दोन लाकडी घोड्यांवर ठेवलं. वजनापेक्षा त्याचा आकार अडचणीचा. कुठे धरावं ते कळत नाही आणि धरलं तिथं ते लवतं. हे लवणं मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

पुढचे तीन शनिवार-रविवार कापण्यात आणि खरवडण्यात गेले. सडका भाग कापताना गंज दिसतो तिथं थांबून चालत नाही, त्याच्या पलीकडे पत्रा पांढरा आणि कडक लागेपर्यंत जावं लागतं. माझी रेघ दोनदा वर सरकली. आतली कमान बाहेरच्या पत्र्याला जिथं ठिपक्याठिपक्यांनी जोडलेली असते ते ठिपके ८ मिलिमीटरच्या ड्रिलनं एकेक करून मोकळे केले. दोन पत्रे वेगळे झाले आणि मध्ये, पन्नास वर्षं कुणी न पाहिलेल्या बोटभर पट्टीवर, कारखान्यातला मूळ सॅफ्रन रंग निघाला. ऊन नाही, पाऊस नाही, पॉलिश नाही. गाडीच्या बाहेरच्या रंगापेक्षा तो किती तरी गडद, दुधात घोटलेल्या केशरासारखा. ती पट्टी मी कापून वेगळी काढली आणि डबीत ठेवली. रंगवायच्या वेळी तिचाच उपयोग झाला.

बाहेरचा तुकडा विकतचा होता, आतला मी बनवला. शून्य पॉइंट नऊ मिलिमीटर जाडीचा पत्रा, आधी पुठ्ठ्याचा नमुना, मग पत्र्यावर रेघ, कात्रीनं कापणी. कड वळवायला लाकडाचा ठोकळा आणि नायलॉनची हातोडी. एकदम काटकोनात वळवायला गेलं की कडेला सुरकुत्या पडतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडी थोडी, पाच-सहा फेऱ्यांमध्ये वळवायची. लहानपणी शाळेच्या वाटेवर एक पत्र्याच्या डब्यांचं दुकान होतं, तिथं डब्याचं बूड बसवताना अशीच फेऱ्याफेऱ्यांनी कड मारायचे. तो टकटक आवाज मला माझ्या हातातून ऐकू आला तेव्हा फार बरं वाटलं.

आणि मग मी चूक केली.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. तुकडा जागेवर इतका छान बसत होता की मला धीर धरवला नाही. बॉनेट घोड्यांवर, कोपरा माझ्यासमोर कमरेच्या उंचीवर, उजेड भरपूर. वेल्डिंगला याहून सोयीची जागा नाही. मिग वेल्डिंगचं छोटं मशीन, शून्य पॉइंट सहा मिलिमीटरची तार, ठिपक्यापुढे ठिपका टाकत संध्याकाळपर्यंत सगळा सांधा जोडून टाकला. ग्राइंडरनं घासला. पट्टी लावून पाहिली, सरळ. हात फिरवून पाहिला, सांधा कळत नव्हता. रात्री आण्णांना फोटो पाठवले.

पुढच्या शनिवारी आजोबांना बोलावून बॉनेट गाडीवर चढवलं, खाली आणलं. डाव्या कोपऱ्यानं दाराच्या पुढे सहा मिलिमीटर बाहेर डोकं काढलं होतं. फट वर चार, खाली नऊ. मी खटका ओढून पाहिला, तो लागलाच नाही. बिजागऱ्या ढिल्या करून बॉनेट सरकवलं तर डावीकडे थोडं सुधारायचं आणि उजवीकडे, जिथं काहीच बिघडलं नव्हतं, तिथं बिघडायचं. तासभर झगडले. आजोबा काही बोलले नाहीत. ते घरी गेले, चहाचे दोन मग घेऊन आले, आणि मग म्हणाले, "पत्रा चांगला जोडलायस. पण तो घोड्यांच्या मापाचा झालाय."

त्यांचं म्हणणं उघड होतं. कोपरा कापल्यावर त्या बाजूची ताकद गेली होती. घोड्यांवर ठेवलेलं बॉनेट स्वतःच्या वजनानं किंचित पिळलं गेलं होतं आणि त्या पिळलेल्या अवस्थेतच मी ते वेल्डिंगनं कायमचं करून टाकलं. शिवाय वेल्डिंगचा टाका गार होताना आक्रसतो आणि आजूबाजूचा पत्रा ओढून घेतो. बाहेर काढलेल्या एका सुट्या तुकड्याचं सरळपण आणि गाडीवर बसलेल्या त्याच तुकड्याचं सरळपण या वेगळ्या गोष्टी आहेत. मोजमापांच्या कामात असूनही मी मोजलं ते चुकीच्या वस्तूशी ताडून.

त्या रात्री फोनवर आण्णांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उद्यमनगरातले आपले मिस्त्री आठवतात काय तुला? हेरल्डचं मडगार्ड त्यांनी कधी खाली ठेवून जोडलं नाही. गाडीवर चढवायचे, तारेनं बांधायचे, दार दहा वेळा उघडायचे-मिटायचे, मग एक टाका. परत दार. मी म्हणायचो, मिस्त्री, किती वेळ? ते म्हणायचे, दार हो म्हणेपर्यंत."

मला ते मिस्त्री अंधुक आठवतात. शिवाजी उद्यमनगरातली अरुंद शेड, दुकानाबाहेर रचलेली बंपरं, गॅसच्या शेगडीसारखा निळा जाळ. काळा चष्मा कपाळावर चढवून दाराच्या फटीत ते बोट घालायचे आणि वरून खाली ओढत आणायचे. मोजपट्टी त्यांच्याकडे पाहिल्याचं आठवत नाही.

डिसेंबरात पुन्हा सुरुवात. एक मिलिमीटर जाडीच्या चकतीनं माझाच सांधा मी उभा कापला. स्वतः केलेलं चांगलं काम कापताना हात जड होतो, पण चकती एकदा आत गेली की बरं वाटतं. कोपरा मोकळा झाला तसा पत्रा टक्कन आवाज करून दोन मिलिमीटर सरकला. तेवढा ताण त्यात कोंडला होता.

या वेळी बॉनेट गाडीवर. बिजागऱ्या बसवल्या, उजवा खटका लावला, उजव्या फटी पहिल्यासारख्या आल्याची खात्री केली. डावीकडे दार आणि मडगार्डच्या मध्ये पाच मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या खोचल्या, वर एक, मध्ये एक, खाली एक. तुकडा चिमट्यांनी धरला. दारावर आणि काचेवर वेल्डिंगचं ओलं ब्लँकेट टाकलं. स्पिटफायरची पेट्रोलची टाकी मागे, बैठकीच्या पाठीशी असते, तेवढी एक काळजी कमी. तरी अग्निशामक पायाशी ठेवला. मग एक टाका. पट्ट्या काढल्या, बॉनेट उघडलं, मिटलं, फट पाहिली. दुसरा टाका, विरुद्ध टोकाला. उघडलं, मिटलं. पंचवीस-तीस मिलिमीटरवर एक याप्रमाणे टाके पडायला पूर्ण शनिवार लागला. थंडी एवढी की वेल्डिंगच्या हातमोज्यांत बोटं बधिर होत होती. पण दर वेळी बॉनेट खाली आलं की कोपरा दाराशी जाऊन मुकाट्यानं थांबायचा. रविवारी ते उतरवून मधल्या जागा भरल्या, एका ठिकाणी एक ठिपका, मग हातभर लांब दुसऱ्या ठिकाणी, मग हात लावून पाहायचं, गरम लागला तर थांबायचं.

तरीही सांध्याच्या वर पत्रा थोडा सैल पडला होता. अंगठ्यानं दाबलं की आत, सोडलं की बाहेर, टपक्-टपक्, तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा. इथं खरं पत्रेकाम सुरू होतं. एका हातात डॉली, म्हणजे मुठीत मावणारी लोखंडाची गुळगुळीत ऐरण, ती आतून धरायची. दुसऱ्या हातात हातोडी, बाहेरून. डॉलीवर नेमका ठोका पडला तर पत्रा दोन लोखंडांमध्ये चेपून पसरतो आणि आवाज खणखणीत येतो. डॉली जराशी बाजूला धरून ठोकलं तर पत्रा पसरत नाही, उंचवटा खाली जातो आणि शेजारचा खळगा वर येतो. आवाज बद्द येतो. वेल्डिंगचा आक्रसलेला टाका पसरवायला पहिला ठोका, आजूबाजूची उंचसखल जागा बसवायला दुसरा. दोन्ही आवाज कानात बसायला मला आठवडा लागला. आजोबा भिंतीपलीकडून त्यांच्या बागेत असायचे आणि नुसता आवाज ऐकून "आता थांब" असं ओरडायचे.

जिथं पत्रा पसरलेला होता तिथं उलटा उपाय: गॅसच्या जाळानं वाटाण्याएवढा ठिपका लाल करायचा, हलकेच ठोकायचा आणि ओलं फडकं दाबायचं. चर्र होऊन तो ठिपका आक्रसतो आणि सैल पत्रा ताणला जातो. असे पाच ठिपके दिले. पाचव्यानंतर अंगठ्यानं दाबलं तर टपक् झालं नाही.

तपासायला डोळ्यांपेक्षा तळहात बरा. सुती हातमोजा घालून, बोटं नाही तर अख्खा तळवा पत्र्यावरून लांब ओढायचा, चुकलेल्या जागेच्या खूप अलीकडून खूप पलीकडे. मोज्यामुळे घर्षण कमी होतं आणि हाताला फक्त आकार कळतो. डोळे मिटले तर आणखी कळतो.

आतल्या कमानीचा पत्रा बसवताना सांध्यात आधी जस्ताचा प्रायमर लावला, कारण जोडल्यावर तिथं ब्रश पोचत नाही. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबीचा पातळ हात, काळ्या स्प्रेचा शिडकावा आणि लांब लाकडी ठोकळ्यावर ८० चा, मग १८० चा, मग ३२० चा पॉलिश पेपर. खळग्यात काळं राहतं, उंचवट्यावर आधी जातं. कंटाळवाणं काम आहे, जानेवारी त्यात गेला, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. शेवटचा रंग मी घरी मारला नाही. दोन भागांच्या रंगात आयसोसायनेट असतं, ते छातीत गेलं तर दम्यासारखा कायमचा आजार जडू शकतो. त्याला बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा आणि बंदिस्त खोली लागते. रंगाऱ्याकडे डबीतली ती केशरी पट्टी नेली. त्यानं ती उन्हात धरली, तिच्यावरून रंग जुळवला आणि अख्खं बॉनेट रंगवलं. परत आलेलं बॉनेट गाडीपेक्षा जरा गडद आहे. दार आणि मागचा भाग पुढच्या वर्षी. मला तो फरक चालतो, कारण खरा रंग बॉनेटचा आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी बसवणी. आधी कडांवर चिकटपट्टीचे दोन थर, ताज्या रंगाला पाना लागू नये म्हणून. क्रम असा: पुढच्या बिजागऱ्यांचे बोल्ट हातानं लावायचे, आवळायचे नाहीत, म्हणजे बॉनेट पुढे-मागे आणि वर-खाली सरकतं. पहिल्यांदा काचेखालच्या आडव्या फटीशी बॉनेटची मागची कड समांतर आणायची. ती आली की दोन्ही दारांच्या फटी. त्या आल्या की बिजागऱ्या आवळायच्या आणि पुन्हा सगळं तपासायचं, कारण आवळताना बोल्ट पत्र्याला घेऊन फिरतो. मागच्या बाजूला बॉनेट ज्यावर टेकतं ते रबरी शंकू सगळ्यात शेवटी. त्यांची उंची अर्धा फेरा, पाव फेरा अशी बदलत बॉनेटची पाठ काचेपुढच्या पत्र्याच्या पातळीत आणायची. आणि कडेच्या खटक्यांनी पत्रा कधी ओढून बसवायचा नाही. खटका म्हणजे कडी, शिकंजा नव्हे. तो दोन बोटांनी लागला पाहिजे. जोर लावावा लागला तर चूक दुसरीकडे आहे.

दुपारी चारपर्यंत फट वर साडेचार, मध्ये साडेचार, खाली पाच. पूर्वी खाली सात होती. म्हणजे जाळी आणि कागदवाल्यानं तीही चुकवली होती.

वायरी जोडल्या, दिवे लावले. डावा इंडिकेटर लागेना, उलट त्याच्यासोबत बाजूचा छोटा दिवा मंद लुकलुकू लागला. अर्थिंगची काळी वायर ज्या बोल्टखाली येते तिथं नवा रंग बसला होता, आणि रंगातून वीज जात नाही. बोल्ट काढला, नाण्याएवढी जागा घासून लख्ख केली, थोडं ग्रीस, पुन्हा आवळला. डाव्या इंडिकेटरची हिरवी-लाल वायर शहाण्यासारखी वागू लागली.

संध्याकाळी, म्हणजे कोल्हापुरात रात्री साडेदहाला, आण्णांचा व्हिडिओ कॉल आला. ते मुद्दाम जागे राहिले होते. "बसलं काय बॉनेट?" मी फोन गाडीच्या छताच्या कडेला टेकवून ठेवला आणि बॉनेट उघडलं, हळूच खाली आणलं, दोन बोटांनी डावा खटका, मग उजवा. आण्णा म्हणाले, "परत कर." परत केलं. मग म्हणाले, "फटीत बोट घालून खाली आण." माझं करंगळीचं टोक वरून खालपर्यंत कुठेही न अडखळता आलं. त्यांनी आईला हाक मारली, "अगं, इकडं ये, बघ आपल्या हेरल्डचं बॉनेट."

दोन पत्र्यांमधल्या पोकळीत गंज धरू नये म्हणून मेण सोडलं ते दुसऱ्या दिवशी, गरम करून, लांब नळीनं, सांध्यातून बाहेर पाझरेपर्यंत. कमानीच्या आतल्या पत्र्याला मी खाली एक फट ठेवली आहे, बोटाचं टोक जाईल एवढी, मूळ गाडीत नसलेली. आजोबांनी पाहिलं आणि मान हलवली.

मार्चमध्ये तीन दिवस सलग पाऊस झाला. चौथ्या दिवशी मी गाडी मुद्दाम ओल्या रस्त्यांवरून केनिलवर्थपर्यंत नेऊन आणली. घरी आल्यावर खटके सोडले, बॉनेट पुढे झुकवलं, डाव्या चाकावर बसले आणि कोपऱ्याच्या आत हात घातला. फटीतून पाण्याचे दोन-चार थेंब फरशीवर पडले होते. आत बोटांना मेण लागलं, आणि ते कोरडं होतं.